अक्काच्या अंगणात पडणाऱ्या कपच्या

मावशीचा फोन आला तेव्हा मी मेहरूणच्या घराच्या गच्चीवर बटाट्याचे काप वाळत घालत होते. तिनं ना माझी तब्येत विचारली, ना जळगावच्या उन्हाची चौकशी केली.

"सोमवारे मिस्तरी येई ऱ्हायना," ती म्हणाली. "आंगनमा भिंत घालनी शे. तुले आंगन देखनं व्हई ते त्यान्हा पहिले ये."

"भिंत कशाला गं?"

"फोनवर नही सांगस. ती ऐकी ऱ्हायनी."

आणि फोन बंद.

असली निमंत्रणं मी आयुष्यात कधी नाकारलेली नाहीत. शनिवारी सकाळी एसटी पकडली, पारोळ्याला भजी खाल्ली आणि दुपारी धुळ्याच्या पुढे, पांझरेकाठच्या तिच्या गावात उतरले.

ही मावशी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. अख्खं गाव तिला अक्का म्हणतं, म्हणून मीही अक्काच म्हणते. घर धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं. एकाच धाब्याखाली दोन दारं आणि दोन स्वयंपाकघरं. एकात अक्का एकटी. दुसऱ्यात तिचे दीर, ज्यांना सगळे नाना म्हणतात, आणि त्यांची बायको, म्हणजे अक्काची धाकटी जाऊ. अंगण मात्र एक. त्यात एक नळ, एक लिंब आणि एक मोठी चूल. या चुलीवर दोघी जावा दर उन्हाळ्यात ज्वारीचे बिबडे, म्हणजे मोठाले पापड, करतात. एक जण शिजत्या पिठाचा घाटा हटते, म्हणजे घोटते, दुसरी ओल्या फडक्यावर थापते. एकटीनं होण्यासारखं ते काम नाही.

मिस्तरीनं दोरी लावून भिंतीची जागा आखून ठेवली होती. मी दोरीवर उभी राहून दोन्हीकडे पाहिलं. नळ धाकटीकडे जात होता आणि चूल अक्काकडे. अक्काचे गुडघे गेलेले, रक्तात साखर, जोडीला दमा, एकुलती लेक सुरतेला दिलेली. भिंत उभी राहिली की तिच्या वाट्याला चूल, खाट आणि शेळी. पाणी आणायला लांबून वळसा, आणि हाक मारली तर ओ द्यायला शेळीच. हे तिला कळत नव्हतं असं नाही. विटा येऊन पडल्या होत्या, त्यांच्याकडे बघायचं ती टाळत होती.

"आता सांग," मी म्हटलं.

तिनं दार लावून घेतलं. पिठाच्या डब्यामागून एक स्टीलचा डबा काढला, त्याच्या झाकणावरची सुतळी सोडली आणि माझ्या हातात चिमटा दिला.

"हात नको लावू. यानी धर."

डब्यात दगडाच्या कपच्या होत्या. बोटाच्या पेराएवढ्या, काही त्याहून लांब, दुधी, तपकिरी, एखादी मधाच्या रंगाची. उजेडात धरली की आरपार दिसावं इतक्या पातळ.

"धार देख. घरमा कोनी असं ठेवस का? रोज सकाये मी आंग धुवाले जास, येस तो दारसमोर एक नहीते दोन पडेल ऱ्हातस. कोनी तरी करेल शे."

"कोणी?"

"नाव नही लेस मी," असं म्हणून तिनं मान वळवली आणि भिंतीपलीकडच्या स्वयंपाकघराकडे इतकं रोखून पाहिलं, की नाव घेतलं असतं तर निदान सौम्य वाटलं असतं.

यातल्याच एका कपचीनं होळीच्या सुमारास तिची टाच कापली होती. साखरेच्या माणसाची टाच ती. चिघळली, धुळ्याला दवाखान्यात जावं लागलं, डॉक्टरनं पाय गमावण्याची भीती घातली, मग पाडव्यानंतर कशीबशी जखम मिटली. तेव्हापासून अक्का पहाऱ्यावर होती. संध्याकाळी चुलीची राख चाळून दारापुढे पसरायची. सकाळी राखेवर कोंबड्यांची नखं उमटलेली असत, शेळीचे खूर असत, माणसाचं पाऊल कधीच नसे. आणि मधोमध कपची. पावलाशिवाय आलेला दगड म्हणजे करणी, याहून वेगळा अर्थ तिच्या डोक्यात शिरायला तयार नव्हता.

मी ओढणीचं टोक तोंडात कोंबलं होतं.

"हसस काबर?" तिनं लगेच विचारलं. "तुले माहीत शे का काही? तिनी तुले सांगेल शे का?"

मलाही संशयितांच्या यादीत जागा मिळाली. खरं तर मी हसत होते ते ओळख पटल्यामुळे. धुळ्याला कॉलेजात असताना मी दोन हिवाळे एका उत्खननावर मजुरी केली होती. माती चाळायची आणि त्यातून निघालेलं धुवायचं. खापरं, हाडं आणि हीच पाती. अंगणात करणीचा डबा उघडावा आणि आतून जुनी मैत्रीण बाहेर यावी तसं मला झालं. चिमटा बाजूला ठेवून मी एक पातं उचललं. अक्कानं डोळे मिटले. काही होत नाही असं पाहून एक उघडला.

"अक्का, ही करणी नाही. हा विळा आहे."

"मी काय येडी शे?"

मग मी तिला खाटेवर बसवलं आणि डबा एका ताटात उपडा केला. फार जुन्या काळी, तांबं होतं पण थोडंच, गावात एखाद्याच्याच घरी, तेव्हा रोजची कापाकापी दगडावर चालायची. नदीतली चांगली गारगोटी निवडायची, तिला बेतानं ठोका मारायचा, की अशी लांबट पाती सुटून येतात. ताटात एक गारगोटीचा गाभाही होता. त्याच्या अंगावर उभ्या चऱ्या होत्या, दाणे काढलेल्या मक्याच्या कणसासारख्या. प्रत्येक चरीतून एक पातं निघालेलं. एक जाड कपची होती, तिची एक कड गोल आणि बोथटशी. तिनं कातडं खरवडायचं, लाकूड तासायचं. एकीला टोक होतं, ते भोक पाडायला. आणि पात्यांचे हे छोटे तुकडे मुद्दाम मोडलेले. लाकडाच्या खाचेत एकाला एक लावून डिंकानं बसवले की विळा तयार. एक पातं तुटलं तर तेवढंच बदलायचं, बाकीचा विळा तसाच.

अक्कानं सगळं ऐकून घेतलं.

"करी दाखाड."

"काय?"

"इळा करी दाखाड. दगडवरी काही कापायस का? मन्हासमोर काप. आनि काय कापानं ते मी सांगसू."

लिंबाची एक फांदी घेतली आणि सुरीनं तिला खाच पाडली. बाभळीचा डिंक वितळवून त्यात चार पाती बसवली. जुन्या लोकांचा डिंक कुठला होता कोण जाणे, माझा पहिल्या झटक्याला गळाला आणि चारही पाती शेळीच्या पुढ्यात पडली. शेळीनंही हुंगून तोंड फिरवलं. शेवटी नानांच्या ट्रॅक्टरच्या पेटीतला पाइपाची गळती बुजवायचा मसाला मागून आणला.

"त्यास्ना टाइमले हाऊ मसाला व्हता का?" अक्कानं विचारलं.

"नव्हता."

"मंग तू लबाडी करी ऱ्हायनी."

मसाला वाळेपर्यंत ती माझ्या शेजारी बसून राहिली. मी पाती बदलीन असा तिला संशय होता. मग तिनं शेळीच्या हिरव्या घासाची मूठ माझ्यापुढे केली. मी घास घट्ट धरला, विळा बुडाशी टेकवला आणि स्वतःकडे ओढला. घास कापला गेला. लोखंडी विळ्यासारखा सरकन नाही, करकर करत, पण कापला गेला. दुसरी मूठ अक्कानं स्वतः धरली आणि माझ्या हातून विळा घेतला. तिसरी, चौथी. मला थांब म्हणायची वेळ आली.

मग मी तिला एक जुनं पातं उन्हात तिरकं धरून दाखवलं. एका कडेला तुपाचं बोट फिरवल्यासारखी चमक होती, आणि ती फक्त त्याच कडेला. गवताच्या नि धान्याच्या काडीत वाळूसारखा अगदी बारीक अंश असतो. शेकडो मुठी कापल्या की धारेला अशी झिलई चढते. या दगडाला कुणीतरी हंगामभर वापरलं होतं.

अक्कानं त्या चमकेवरून अंगठा फिरवला. तिचा चेहरा जरा निवळला. आपण जिंकलो असं मला वाटलं.

"कितला जुना व्हई?"

"हजारो वर्षांचा."

"मंग मन्हा दारसमोर कसा उना? चालीसन उना का?"

याचं उत्तर तिच्याकडेच होतं. गावाबाहेर पांढरीचं टेकाड आहे. फार जुनी, उजाड झालेली वस्ती. माती राखेसारखी, पांढुरकी. असले दगड तिथे पायाखाली येतात, हे तिनं लग्न होऊन इथे आल्यापासून पाहिलेलं.

"पांढरीवर शेन्या थापाले कोन जास?" अक्का म्हणाली. "तीच जास. रोज जास. आनि मन्ही सासू सांगी गयी, पांढरीवरलं ढेकूळ बी घरमा आनानं नही. तठे जुना लोके शेतस. तिले हाई बठ्ठं माहीत शे. म्हनीसनच आनस आनि टाकस."

घ्या. तोवर धाकटीवर नुसता संशय होता. मी माझी विद्या पाजळून तिला हत्यार दिलं, जागा दिली आणि रोजची वाटही दाखवून दिली. भिंत आणखी दोन फूट उंच झाली.

त्या संध्याकाळी धाकटीनं माझ्यासाठी वाटीत शेवभाजी आणली. दारातूनच दिली. आत यायची आता रीत उरली नव्हती. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या, जे काही बोलायचं ते शेळीला.

"काही लोकेस्ना पोट भरस नही, म्हनीसन दुसरास्ना आंगनमा येतस," अक्कानं शेळीला सांगितलं.

"काही लोके आंगन आपलं एकलीनं समजतस," धाकटीनंही शेळीलाच सांगितलं. शेळी दोघींकडे आळीपाळीनं बघत होती.

अक्का माझ्याजवळ सरकली. "खाय. तुले काही नही व्हवाव. वैर मन्हाशी शे."

भाजी झकास होती. वाटी परत द्यायला गेले तेव्हा मी धाकटीला भिंतीबद्दल विचारलं.

"अक्कास्नी मर्जी," ती म्हणाली. भांडं घासत होती, मान वर केली नाही. "पन बिबडास्ना घाटा मी एकली कशी हटसू? आनि त्या एकल्या कश्या थापतीन?" थोड्या वेळानं, आणखी हळू आवाजात: "टाच लागनी तवय मीच गाडी बलाई. ते कोनी सांगस का?"

नाना ओट्यावर होते. त्यांनी मला चहा विचारला, मग पुन्हा विचारला. मी कपच्यांचा विषय काढला तसं त्यांनी कपाशीचं बी कधी घ्यायचं ते काढलं.

"घालू द्या भिंत," ते म्हणाले. "रोजनं भांडन तरी मिटी."

शांतताप्रिय माणसं मला संशयास्पद वाटतात. अंथरुणावर पडल्या पडल्या मी सगळ्यांना एकेक करून आरोपीच्या जागी उभं केलं. धाकटी रोज पांढरीवर जाते. नाना विषय टाळतात. आणि अक्का? लेक सुरतेला, घर रिकामं, टाच बरी झाल्यावर चौकशीला येणारी माणसं कमी झालेली. स्वतःच डब्यातून एखादी कपची काढून राखेवर ठेवत नसेल कशावरून? शेवटचा संशय मला सगळ्यात आवडला, कारण त्यात फार नाटक होतं. तो टिकू नये असंही मनापासून वाटत होतं.

रविवारी सकाळी अक्का पाण्याची बादली घेऊन न्हाणीत गेली आणि मी दारापुढच्या खाटेवर ठाण मांडलं. राख रात्रीच पसरली होती. कोंबड्या फिरून गेल्या. धाकटी एकदा दारात आली, मला पाहिलं आणि आत गेली. थोड्या वेळानं पुन्हा आली, पुन्हा पाहिलं, परत गेली. काही पडलं नाही. अक्का बाहेर आली आणि स्वच्छ राखेकडे बोट करून माझ्या कानात म्हणाली, "देख. तू बठेल व्हतीस म्हनीसन नही टाकं."

कबूल करते, मलाही तेच वाटलं. या बाईनं दोनदा डोकावून पाहिलं होतं, ते कशासाठी?

मी अक्काला पुन्हा न्हाणीत पाठवलं, कपडे धुवायच्या निमित्तानं. मी दाराआड उभी राहिले आणि खाट मोकळी सोडली. फटीतून पाहत होते. धाकटी आली. खाट रिकामी दिसली, न्हाणीतून कपडे आपटल्याचा आवाज ऐकला, आणि घाईनं घराच्या मागच्या बाजूला गेली. मग डोक्यावर आवाज सुरू झाला. खर्र, खर्र, खर्र. वरून पन्हाळीतून धुळीचा एक लोट खाली आला, आणि लोटाबरोबर टप्प करून राखेवर एक दुधी कपची पडली.

राख, पावलं, टाच, इतके दिवस आम्ही सगळ्यांनी जमिनीकडे पाहिलं होतं. वर कुणीही पाहिलं नव्हतं.

शिडी चढून मी धाब्यावर गेले. धाकटी केरसुणी घेऊन उभी होती. पलीकडे जुनी लुगडी अंथरलेली, त्यांवर कुरडया. धाबं रोज झाडल्याशिवाय वाळवण घालता येत नाही. आणि धाब्याचा उतार अक्काच्या दारावरच्या पन्हाळीकडे.

"तुम्ही खाले व्हत्यात का?" ती ओशाळली. "मी ते खाट रिकामी देखीसनच झाडस. अक्का बठेल ऱ्हायन्यात का त्यास्ना आंगवर धूळ पडस. त्या आंग धुवाले जातस, तेवढामा मी उरकी लेस."

मी तिथेच मातीत बसले. अक्काच्या डोळ्यांत धूळ जाऊ नये म्हणून ही बाई रोज तिची पाठ वळायची वाट पाहत होती. पाठ वळायची वाट पाहणारा माणूस चोरासारखा दिसणार नाही तर कसा दिसेल?

बसले म्हणून धाबं जवळून दिसलं. गेल्या उन्हाळ्यात नवी माती टाकली होती. पावसाळ्यानं तिचा वरचा बारीक थर धुऊन नेला आणि आतलं वर आणलं. जिकडे पाहावं तिकडे पाती चमकत होती. खापराचे काळे तांबडे तुकडे, कुणा जनावराच्या हाडाचा चुरा. आमच्या डोक्यावर कुणाचं तरी अख्खं अंगण सांडलं होतं. कुणीतरी उंबऱ्याशी बसून गारगोटी फोडली असणार, चांगली पाती वेचून विळ्याला लावली असणार आणि फुटलेल्या कपच्या तिथेच टाकून उठलं असणार. रोज. त्या धारेवर पोरांचे पाय कापले असतील, म्हाताऱ्यांच्या टाचा कापल्या असतील. त्या अंगणातही एखादी थोरली जाऊ असणारच, आणि या कपच्या नेमक्या माझ्याच दारात कोण टाकतं हे तिलाही कळलं नसणार. मला तर तिचं रोखून पाहणंसुद्धा दिसलं.

आता प्रश्न उरला मातीचा. खाली नाना ट्रॅक्टर पुसत होते. तो स्वच्छच होता.

"नाना, धाब्यावरची माती कुठली?"

"नदीथडीनी."

"नदीथडीच्या मातीत खापरं आणि हाडं निघतात?"

त्यांनी फडकं दुसऱ्या हातात घेतलं. "नदीथडीनी माती वीटभट्टीवालास्नी नेली. बठ्ठी. धाबं गळी ऱ्हायनं व्हतं. पांढरीनी माती पानी जिरू देत नही." आणि मग, आवाज उतरवून: "वहिनीले सांगतू ते ट्रॉली परत फिरावाले लावती. मन्ही मायनं वचन शे तिले. तुम्ही नका सांगू. उद्या भिंत व्हई जाई, ती तिना घरमा, आम्ही आम्हना घरमा."

म्हणजे शांतताप्रिय माणसाला भिंत का हवी होती ते कळलं. भिंत झाली की माती कुठून आली हे विचारायला कुणी उरणार नव्हतं. करणीचा आळ बायकोवर राहिला असता आणि ट्रॉलीचं गुपित धाब्यावर. पण सांगायचं म्हणजे अक्काला हेही सांगायचं, की जिथलं ढेकूळ आणायला सासूनं मनाई केली तिथली ट्रॉलीभर माती वर्षभर तुझ्याच डोक्यावर आहे. करणीचा संशय गेला तरी भिंतीला नवं, खरंखुरं कारण मिळत होतं. न सांगावं तर उद्या मिस्तरी.

मी अक्काला हाताला धरून बाहेर आणलं आणि खाट पन्हाळीपासून जरा बाजूला ओढून तिच्यावर बसवलं. नानांना समोर उभं केलं. वर बघून धाकटीला म्हटलं, "मावशी, झाडा."

"अक्का बठेल शेतस," वरून आवाज आला.

"तरी झाडा."

केरसुणी फिरली. धूळ आली. एक कपची पडली, मग एक बारीकशी.

अक्का त्यांच्याकडे बघत राहिली. मग वर बघितलं. गेल्या कितीतरी दिवसांत पहिल्यांदा ती जावेशी थेट बोलली.

"म्हंजे तूच टाकस."

"हा," धाकटी वरून म्हणाली. "मीच टाकस. माले काय माहीत त्यामा दगड शेतस?"

"मन्ही पाठ फिरनी का टाकस."

"तुम्हना आंगवर धूळ पडी म्हनीसन. तुम्हले दमा शे ना."

अक्काकडे सगळं होतं. हत्यार होतं, वेळ होती, गुन्हेगार कबुली देत होता. आणि तरीही सगळं हातातून निसटत होतं. ती खाटेचा सुंभ बोटानं ओढत राहिली. मला वाटलं आता काहीतरी मऊ बोलेल. ती नानांकडे वळली.

"आनि माती कोठली शे?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी लिंबाकडे पाहिलं.

"पांढरीनी," नाना म्हणाले.

त्यानंतरची काही मिनिटं मी इथे लिहीत नाही. नानांच्या जन्मापासून सुरुवात झाली, एवढं सांगते. सासूचं वचन, पांढरीवरचे जुने लोक, देवाधर्माची चाड, गेल्या वर्षी मेलेली म्हैस, सगळं निघालं. नाना मान खाली घालून ऐकत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर सुटका होती. धाकटी शिडीवरून उतरून नळाशी उभी होती. नवऱ्याची ही पूजा चालू असताना तिनं एकदाही मध्ये तोंड घातलं नाही, आणि मला वाटतं त्यात तिला थोडं समाधान होतं.

शेवटी दम घेऊन अक्का म्हणाली, "माती आते काढता येवाव नही. पानी तोंडवर शे. पन कपच्या बठ्ठ्या येचाना. बठ्ठ्या. आखाजीले, अक्षय तृतीयाले, पितरस्नी घागर भरतस, त्या दिन पांढरीवर नेईसन ठेवान्या, हात जोडाना. ज्यास्न्या शेतस त्यास्ले."

"आनि उद्या मिस्तरी?" नानांनी विचारलं. मला त्यांचं धाडस आवडलं.

अक्का उठून आत निघून गेली. भिंतीचं काय होणार ते त्या दिवशी कुणालाच कळलं नाही. धाकटीनं रात्री शेवभाजी दिली नाही, आणि अक्कानं मागितली नाही. मी दोघींच्या मध्ये नुसती भाकरी खाल्ली.

सोमवारी मिस्तरी वेळेवर आला, ओळंबा आणि थापी घेऊन. आखलेली दोरी पाहून त्यानं पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला. अक्का काठी टेकत बाहेर आली.

"आठे नही," ती म्हणाली. "वरे."

"वरे?"

"धाबाले कठडा घाल. बठ्ठ्या धाबाले. विटा आनेल शेतस, वाया थोडीच जातीन."

मिस्तरीनं आधी दोरीकडे, मग धाब्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. गावात सगळ्यांना माहीत होतं भिंत कशासाठी आहे ते, त्यालाही होतं.

"वहिनी, कठडा कोनपासून कोनले वाचाडाले?" त्यानं जपून विचारलं.

"धूळपासून मले," अक्का म्हणाली. "आनि पन्हाळना तोंडले बारीक जाळी बसाड. मी देखसू."

तो दिवसभर वर काम करत होता. अक्का खाली उभी राहून वीट वीट वेडीवाकडी ठरवत होती. दोन हात उंचीचा कठडा झाला. दुपारी धाकटीनं नळावरून पाण्याची कळशी भरली आणि अक्काच्या दारात ठेवली. अक्कानं कळशीत डोकावून पाहिलं, तळापर्यंत. मग आत नेली.

जाड, गोल कडेची खरवडणी वेचून ठेवलेल्या कपच्यांच्या ढिगात मला शेवटपर्यंत दिसली नाही. चुलीशी घाट्याचं भांडं नेहमीपेक्षा लख्ख घासलेलं होतं. मी कुणालाच काही विचारलं नाही. रात्री मी पिशवी भरल्यावर अक्कानं ती मात्र उघडायला लावली आणि तिनंच दिलेल्या गेल्या वर्षीच्या बिबड्यांच्या खाली हात घालून चाचपली. काही सापडलं नाही म्हणून तिचा माझ्यावरचा संशय गेला असं मी म्हणणार नाही.

मंगळवारी सकाळची एसटी पकडायची म्हणून मी लवकर उठले होते. अक्काची आंघोळ झालेली होती. खाट पुन्हा पन्हाळीखाली, जुन्या जागी ओढलेली होती आणि ती तिच्यावर बसली होती. वर पावलं वाजली. कठड्यावरून धाकटीचं डोकं दिसलं.

"अक्का, झाडू का?"

अक्कानं पदर नाकावर ओढून घेतला.

"झाड," ती म्हणाली. "मी आठेच शे."